अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला

आमच्या गावाचं नाव पोर्वेनीर.
स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ येणारा काळ.
पण इथे येणारं बहुतेक सगळं
सामुद्रधुनीपलीकडून फेरीबोटीने येतं,
आणि वारा उठला की बोट येत नाही.

सिनेमेही तसेच यायचे,
कांद्याबटाट्यांच्या पोत्यांवर ठेवलेल्या खोक्यातून,
अर्तेमियोच्या दुकानात, महिन्याला सात-आठ.
दुकान मोडलं तेव्हा त्याने तबकड्या वजनावर विकल्या.
ओस्वाल्दोने दीड किलो घेतल्या.
कुठल्या डबीत काय निघेल, नेम नाही.
एकीवर घोडेस्वार होता, बंदूक रोखलेला,
आत निघाली एक शिंपीण.
काळापांढरा सिनेमा. नावं येतात ती सुरुवातच उडालेली.
आम्ही त्याला घोडेस्वारच म्हणत राहिलो.

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला तिला पत्र येतं.
ती पाकीट फाडते आणि तिथेच
चित्राचे चौकोन चौकोन होतात,
फरशी उखडल्यासारखे.
मग एकदम ती जिन्यात बसून रडताना दिसते.
मधलं ओरखड्याने खाल्लं.

ओस्वाल्दो तेवढ्यात किटली ठेवायला उठायचा
आणि स्वयंपाकघरातून सांगायचा,
"भाऊ सुटला तिचा, तुरुंगातून."
पुढच्या हिवाळ्यात,
"पत्र तिचं नाहीच. वरच्या मजल्यावरच्या बाईचं."
छाती दुखायला लागली त्या वर्षी
नुसतंच म्हणाला,
"कोरा कागद आहे, नेवेन्का."

एकोणीस हिवाळे.

यास्ना कोन्सेप्सिओनहून आली,
भिंतीवर नवा टीव्ही टांगला,
तिचा पासवर्ड माझ्या वाणसामानाच्या वहीत लिहून दिला.
म्हणाली, आई, आता हजारो आहेत,
आणि पुसायची भानगड नाही.
घोडेस्वार तिनेच शोधून काढला.
खरं नाव भलतंच लांबलचक, मला काही पाठ झालं नाही.
चित्र असं लख्ख
की शिंपिणीच्या बोटावरच्या सुईच्या खुणा मोजाव्यात.

अठ्ठेचाळिसावं मिनिट आलं. मी सवयीने उठले,
किटली ठेवली.
मागे संवाद चालूच.
चित्र अडलंच नव्हतं.
दारात उभ्या उभ्या पाहिलं:
ती पत्र वाचते. घडी घालते. आणखी एक घडी.
वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सारते.
हलवून बघते.
मग जिन्याकडे जाते.

एवढंच.
आम्हाला तर टेबल डुगडुगतं हेही ठाऊक नव्हतं.

किटलीत पाणी घालायचं राहिलं होतं.
वास आला तेव्हा कळलं.

महिना उलटला. पुन्हा बघावं म्हटलं तर पडद्यावर पाटी:
हा चित्रपट आपल्या प्रदेशात सध्या उपलब्ध नाही.
आपला प्रदेश!
खिडकीबाहेर बघितलं.
एका अंगाला लवत वाढलेली झाडं,
शेजारच्या कुत्र्याचा कान वाऱ्याने उलटा.
यास्ना फोनवर म्हणाली, करार संपतात, आई.
परत येईल कधीतरी.
ओस्वाल्दोला पलीकडच्या इस्पितळात नेताना
धक्क्यावरचा माणूसही याच आवाजात बोलला होता.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, म्हणतात.
पण हातच्याचा कप्पा उघडेना.
जुन्या यंत्राला दोन चापट्या मारल्या, ओस्वाल्दोसारखी एक शिवी दिली,
शेवटी केसातली पिन भोकात खुपसून बाहेर ओढला.
तबकडी आतच होती.
त्याने ठेवलेली, की मी?
उजेडात तिरपी धरली.
ओरखडा असा किती,
पापणीच्या केसाएवढा.

यास्ना म्हणते, टूथपेस्ट लाव त्याला,
आतून बाहेर, हलक्या हाताने चोळ,
भरून निघतो.
पेस्ट बोटावर घेतली.
न्हाणीघरात बराच वेळ उभी होते.
मग दात घासले.

रेडिओवर सांगत होते,
उद्याही बोट नाही.